चाक हलेपर्यंत

"या घड्याळबाई, चहा घ्या," सुलक्षणा म्हणाली. ती माझ्याकडे पाठ करून मोटरसायकलच्या साखळीला तेल सोडत होती.

मी तंबूच्या तोंडाशी थबकले. "पाठीला डोळे आहेत की काय तुमच्या?"

"डोळे कशाला? तुमच्या बांगड्या हायेत की. ह्या अख्ख्या माळावर दुसऱ्या कुणाच्या वाजतात सांगा बघू."

खरंच होतं ते. सांगलीबाहेरच्या माळावरची ती जुनी धावपट्टी. तिथं विमान कधी उतरलं होतं हे गावातल्या म्हाताऱ्यांनाच आठवायचं. एरवी तिथं लोक गाडी शिकायला यायचे आणि शेळ्या चरायच्या. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी मात्र सकाळपासूनच माणसांची रीघ लागली होती, आणि त्या गर्दीत बायका म्हणाल तर जवळजवळ आम्ही दोघीच. ती पाव मैलाच्या शर्यतीत मोटरसायकल पळवणारी, मी त्या शर्यतीची वेळ मोजणारी.

तिचा धाकटा भाऊ रणजित किटलीतून चहा ओतत होता. काचेचे ग्लास आणि नुकता उकळलेला चहा. मी ग्लास ओढणीत धरला, तरी हात बदलत राहिले. सुलक्षणानं मात्र डाव्या हाताची सगळी बोटं ग्लासाभोवती लपेटली आणि निवांत बोलत राहिली.

"भाजत नाही तुम्हाला?"

तिनं ग्लासाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गॅरेजवाल्याची पोरगी हाय मी. तापल्या सायलेन्सरवर हात ठिवून मोठी झालो."

रणजितनं तिच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि खाली दगडावर ठेवला. "निवू दे की जरा," तो म्हणाला. मला त्यात वेगळं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की ही अशीच असणार.

कोल्हापुरातल्या बायका बोलतात तशी ती 'मी येतो, मी जातो' म्हणायची. उद्यमनगरात तिच्या वडिलांचं गॅरेज होतं, आणि सहाशे सीसीची ती जुनी जपानी गाडी दोघा बहीणभावांनी तिथंच खोलून पुन्हा बांधली होती. मी इस्लामपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होते. आमच्या प्रयोगशाळेत प्रकाशकिरणांवर चालणारं वेळमापक आम्ही बनवलं होतं. ते पाहून शर्यतीच्या आयोजकांनी मला बोलावलं, आणि मी निव्वळ कुतूहलापोटी गेले. त्या पहिल्याच दिवशी मी तिला रेषेवर उभी असलेली पाहिली. बाकीचे सगळे चुळबुळ करत होते. कुणी मान फिरवत होता, कुणी मुठी उघडमीट करत होता. ती मात्र स्थिर होत गेली, गढूळ पाणी निवळत जावं तशी. हेल्मेटच्या काचेत आभाळ दिसत होतं, तेसुद्धा हलत नव्हतं. मग हिरवा दिवा लागला आणि ती तिथं नव्हतीच.

ते पाहताना मला काय झालं, ते मी कुणाला सांगितलं नाही. वेळ मोजणाऱ्यानं कुणाचं चाहतं असू नये. पण पुढची चार वर्षं ती जिथं पळाली तिथं मी माझं यंत्र घेऊन हजर होते, हेही खरं.

मागच्या पावसाळ्यात तिला स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं, मग केमो. केस गेले, तिनं डोक्याला लाल रुमाल बांधला आणि गॅरेजात जात राहिली. हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळ्यांना ठाऊक नव्हतं ते रणजितनं मला आठवड्यापूर्वी नाव नोंदवायला आला तेव्हा सांगितलं होतं. दुखणं यकृतात उतरलं होतं. "सोमवारी परत ॲडमिट करायची हाय," तो म्हणाला होता. "ह्या खेपेला डॉक्टर काय नीट बोलंनात. पण ती म्हणती, रविवार माझा हाय."

तिला काय हवं होतं, तेही मला माहीत होतं. तिची सर्वांत चांगली वेळ होती अकरा पूर्णांक शून्य दोन सेकंद. आमच्या भागात सहाशेच्या गटात एकाही बाईच्या नावापुढं दहाचा आकडा लागलेला नव्हता. तिला निकालाच्या फळ्यावर सुरुवातीला दहा पाहायचे होते. पुढचे अपूर्णांक काहीही असोत.

"घड्याळबाई, एक गणित सांगा," तिनं दगडावरचा ग्लास उचलला. "अकरा किलो गेलं माझं. किती फरक पडंल?"

ते मी घरीच करून आले होते. "गाडी आणि तुम्ही मिळून वजन धरलं, तर सेकंदाचा दहावा भाग. थोडा जास्तच."

"म्हंजे दहा यायला पायजे."

"रेषेवरून सुटका नीट झाली तर."

"रण्या, ऐकलंस? केमोवाल्या डॉक्टरांचं नाव लिव्ह टाकीवर. स्पॉन्सर म्हणून."

रणजित हसला नाही. ती मात्र हसली, आणि हसता हसता तिला धाप लागली.

शर्यतीआधी सगळ्या स्पर्धकांना रेषेजवळ बोलावलं. शर्यत सोडायचं काम निवृत्त सुभेदार निकमांकडे असे. लाल झेंडा त्यांच्या हातात आणि दिव्यांचं बटणही त्यांच्याचकडे. त्यांनी मला नियम सांगायला पुढं केलं. मी नेहमीचंच सांगितलं. रेषेवर जमिनीलगत एक प्रकाशकिरण असतो. तुमचं पुढचं चाक तो अडवून उभं राहतं. तीन पिवळे दिवे, मग हिरवा. चाक सरकून किरण मोकळा झाला की तुमचं घड्याळ सुरू होतं, आणि पाव मैलावरचा किरण तुटला की थांबतं. हिरव्याच्या आधी सरकलात तर लाल लागतो आणि तुम्ही बाद.

"मॅडम, एक शंका," पुण्याहून आलेला कौस्तुभ म्हणाला. तेविशीचा, नव्याकोऱ्या गाडीचा, आणि खरोखरच चांगला चालवणारा मुलगा. "हिरवा लागला आणि मी तिथंच उभा राहिलो तर?"

"तर तुमचं घड्याळही उभं राहील. शेजारचा मात्र जिंकून परत येईल."

"म्हणजे वेळ वाया जात नाही, फक्त बक्षीस जातं."

"पुण्याची माणसं," निकम म्हणाले. "गाडी काढायच्या आधी शंका काढतात."

सगळे हसले. सुलक्षणा हेल्मेटचा पट्टा चाचपत उभी होती. तिचं लक्ष जमिनीलगतच्या, किरण सोडणाऱ्या माझ्या डबीकडे होतं.

सरावाच्या दोन फेऱ्या होत्या. दोन्ही फेऱ्या जोडीनं पळवायच्या. पहिल्या फेरीत हिरवा लागताच तिची गाडी दचकली आणि रेषेवरच बंद पडली. दुसऱ्या फेरीत उलटं झालं. पुढचं चाक छातीएवढं वर उठलं, गर्दीतून किंचाळी आली, आणि तिनं इंजिनाचा जोर सोडून देऊन गाडी कशीबशी खाली आणली. ती पाव मैल रमतगमत गेली आणि बाजूच्या रस्त्यानं परत आली.

"संपली रं बाई," माझ्या टेबलामागं कुणीतरी म्हणालं. "दुखण्यानं खाल्ली."

"घरात पडून ऱ्हायाचं सोडून..."

मी मागं वळून पाहिलं नाही. माझ्यासमोरच्या पडद्यावर तिच्या सुटण्याचे आकडे होते आणि त्यांचा अर्थ मला लागत नव्हता. चार वर्षांत तिची एकही सुटका इतकी वाईट नव्हती. या शर्यतीत सगळा जीव डाव्या हाताच्या बोटांत असतो. क्लचचा लिव्हर सोडताना एक जागा येते जिथं क्लच धरू लागतो. ती केसाएवढी असते. तिच्या अलीकडे गाडी ताकद फुकट घालवते, पलीकडे गाडी उठते नाही तर मरते. सुलक्षणाला ती जागा अंधारातही सापडायची, असं सगळे म्हणायचे.

मी तंबूत गेले तेव्हा रणजित तिच्या हेल्मेटचा पट्टा सोडत होता.

"क्लचच्या प्लेटा बदलू या का?" मी विचारलं.

"प्लेटांना काय झालंय?" ती म्हणाली.

"अक्का," रणजित म्हणाला, "बास झालं की. सांग त्यांना."

"तू गप."

"निकमसाहेबांना नुसतं सांगितलंस तरी..."

"तरी काय? हार घालून घरला धाडतील. गप बस म्हटलं ना."

काय सांगायचं होतं, ते मी विचारलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहून विचारवलं नाही.

शर्यतीच्या पहिल्या फेरीत तिच्यासमोर साताऱ्याचा एक स्वार होता. रेषेवर येण्याआधी मागचं चाक पाण्यात जाग्यावर फिरवून टायर तापवतात. ते करताना त्याची साखळीच तुटली. त्याला बाजूला ढकलत नेलं. नियमाप्रमाणे तिनं एकटीनं पळायचं आणि पुढच्या फेरीत जायचं.

माळावर जरा शांतता झाली. वाऱ्यावर दूरच्या साखर कारखान्याचा मळीचा वास येत होता. ती रेषेवर आली आणि कितीतरी महिन्यांनी मला ती स्थिर होताना दिसली. पिवळे, हिरवा. ती सुटली. धागा ओवल्यासारखी सरळ सुटली. पण जरा पुढं इंजिन रिकामं ओरडलं. दुसरा गियर पडला नव्हता. तिनं तो पुन्हा घातला आणि शेवटपर्यंत गेली. फळ्यावर आकडा आला: अकरा पूर्णांक शून्य सहा.

गियर चुकूनसुद्धा. मी पडद्याकडे बघत राहिले.

ती परत येताना माझ्या टेबलापाशी थांबली, हेल्मेटची काच वर केली. घामानं डबडबली होती, ओठ पांढरे पडले होते, पण डोळ्यांत काहीतरी पेटलं होतं.

"बरं वाटलं," ती म्हणाली. "शांत होतं."

"गियर चुकला तुमचा."

"पाय चुकला. आता आधीच गियरच्या लिव्हरखाली घालून बसतो." मग तिनं विचारलं, "पुढं कोण हाय माझ्यासंगं?"

"कौस्तुभ."

"शंकावाला?" ती हसली. "चांगलं झालं."

निवेदनाला आप्पा खोत होते. आयुष्यभर कुस्तीची मैदानं गाजवलेला माणूस. मोटारींतलं त्यांना काही कळायचं नाही, म्हणून ते शर्यतही आखाड्याच्याच भाषेत सांगायचे. "आणि आता मैदानात येत्यात, पुण्याचा उमदा गडी कौस्तुभ! आणि त्याच्यासमोर कोल्हापूरची वाघीण, सुलक्षणा लोहार!"

'वाघीण' तिला मुळीच आवडायचं नाही. एकदा ती आप्पांना म्हणाली होती, "वाघिणीला क्लच असतोय व्हय?"

दोघांनी टायर तापवले. पांढऱ्या धुरात दोन्ही गाड्या नाहीशा झाल्या आणि पोरं ओरडली, "जाळ आन् धूर संगटच!" धूर विरला तेव्हा दोघं रेषेवर होते. ती माझ्या बाजूला. पुढचं चाक किरणात आलं आणि माझ्या पडद्यावर तिचा छोटा दिवा लागला. दोघांनी इंजिनं वर नेली. दोन्ही गाड्या सहाशेच्या, जवळजवळ एकाच वेगानं फिरणाऱ्या. सगळं टेबल थरथरत होतं.

पिवळा. पिवळा. पिवळा. हिरवा.

कौस्तुभ गेला.

ती हललीच नाही.

क्षणभर कुणाच्याच लक्षात आलं नाही. सगळ्या माना कौस्तुभच्या मागं गेल्या होत्या. मग त्या एकेक करून परत वळल्या. हिरवा दिवा तिच्यासमोर लागलेला होता आणि ती त्याच्याखाली बसून होती.

"कुस्ती लागली," आप्पांचा आवाज लाऊडस्पीकरवरून आला, आणि पहिल्यांदाच अडखळला. "कुस्ती लागली, पण पैलवान... पैलवान जाग्यावरच!"

हशा पिकला. कुणीतरी शिट्टी मारली. "ताई, हिरवा म्हंजे जायाचं असतंय!" एक पोरगा ओरडला. रणजित लोखंडी कठड्याला दोन्ही हातांनी धरून उभा होता. तो तिच्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

वॉकीटॉकीवर निकमांचा आवाज खरखरला. "मॅडम, तिची गाडी बंद पडलीय. डावी बाजू बंद करा."

बंद करायचं बटण माझ्या बोटाखालीच होतं. ते दाबलं असतं तर तिची फेरी तिथंच संपली असती.

मी पडद्याकडे पाहिलं. किरण अडलेला. दिवा लागलेला. घड्याळ शून्यावर.

"साहेब, गाडी चालू आहे," मी म्हटलं. "चाक हललेलं नाही."

"अहो, समोरचा जिंकून बसलाय."

"त्याची शर्यत संपली. हिची वेळ अजून सुरू झालेली नाही. तसा नियम नाही बंद करायचा."

निकमांनी झेंडा अर्धा उचलला. लाल झेंडा वर गेला की सगळंच थांबतं. त्यांनी पट्टीच्या टोकाकडे नजर टाकली. कौस्तुभ वळून बाजूच्या रस्त्याला लागला होता, पट्टी मोकळी होती. मग त्यांनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या लष्करी नोकरीत त्यांनी उभं राहणारी माणसं पुष्कळ पाहिली असतील. त्यांचा हात तसाच राहिला आणि मग हळूहळू खाली आला.

"राहू दे," वॉकीटॉकीत ते पुटपुटले.

गर्दीचा आवाजही कसा कोण जाणे बसत गेला. लोकांना काही कळलं म्हणून नव्हे. ती इतकी स्थिर होती, की बघणाऱ्यालाही हलायचा धीर होईना. कौस्तुभच्या गाडीची घरघर पट्टीच्या पलीकडे, बाभळींच्या मागं गेली आणि विझली.

आणि मग मला तिचं इंजिन ऐकू आलं. एकटं.

मिरजेच्या एखाद्या कारागिरानं तानपुरा लावताना तार कानाशी धरावी, तसा तो सूर तिनं धरून ठेवला होता. वर नाही, खाली नाही. हेल्मेट किंचित कलतं झालं होतं. तिचं दिव्याकडे लक्षच नव्हतं. ती ऐकत होती. तो सूर जरासा, अगदी एवढासा, उतरला.

चाक हललं.

माझ्या पडद्यावर घड्याळ धावू लागलं. मी पडद्याकडे पुन्हा न बघता तिला शेवटपर्यंत पाहिलं, ते चार वर्षांत पहिल्यांदाच. माझं काम पडद्याकडे बघण्याचं होतं. पण ती जमिनीवरून गेल्यासारखी वाटत नव्हती. कुणीतरी ओढून घेतल्यासारखी गेली. पुढचं चाक जमिनीपासून चार बोटं उठलं आणि तिथंच राहिलं. दुसरा गियर पडल्याचं कळलंही नाही. तिसरा. आवाज लहान होत गेला, लाल रुमालाचं हेल्मेटखालून सुटलेलं टोक एक ठिपका झालं, आणि मग तो ठिपकाही नव्हता.

फळ्यावर आकडे आले. डावीकडे, हरलेल्या बाजूला: दहा पूर्णांक चौऱ्याण्णव.

त्याच्यावर दुसरा आकडा होता. हिरवा लागल्यापासून चाक हलेपर्यंत गेलेला वेळ. बाकी सगळ्यांचा तो अर्ध्या सेकंदाच्या आत असतो. तिचा होता एकवीस सेकंद.

माळावर कुणी टाळी वाजवली नाही. कशासाठी वाजवायची ते कुणाला ठरवता येत नव्हतं. आप्पा माईक हातात धरून उभे होते. "मंडळी," ते म्हणाले, "कुस्ती निकाली. जिंकलं पुणं." मग त्यांनी माईक पुन्हा तोंडाशी धरला. "पर मंडळी, मी चाळीस वर्सं मैदानं बघतोय... असलं काय बघितलं न्हाई." आणि मग टाळ्या झाल्या. एकाच टोकाकडून सुरू झाल्या आणि थांबेचनात.

कौस्तुभ गाडी ढकलत माझ्या टेबलापाशी आला. हेल्मेट काढलं. "मॅडम, ती दहा चौऱ्याण्णव माझी का?"

"नाही. तुमची पलीकडची. अकरा दहा."

तो फळ्याकडे बघत राहिला. "पण त्या हरल्या ना?"

"हरल्या."

त्यानं गाडी तिथंच स्टँडला लावली आणि स्वतःच्या तंबूकडे न जाता तिच्या तंबूकडे चालू लागला. अर्ध्या वाटेत थांबून म्हणाला, "शंका मी काढली होती, मॅडम."

मी सगळं आवरून गेले तेव्हा तो तिथून निघत होता. ती लोखंडी पेटीवर बसली होती आणि रणजित तिचा डावा हातमोजा उलटा करत हळूहळू सोलल्यासारखा काढत होता. मोजा निघाला. तळव्यावर आणि चारही बोटांवर फोड आले होते. दोन फुटले होते.

"हे कशानं?" मी विचारलं आणि विचारता विचारताच मला सकाळचा ग्लास आठवला.

"चहा असंल," ती म्हणाली. ती हाताकडे बघतसुद्धा नव्हती. तंबूच्या फटीतून तिला फळा दिसत होता. "मला कुठं कळतंय."

"केव्हापासून?"

"तिसऱ्या केमोपासनं. औषधानं हातापायाच्या शिरा मारल्या. हात हायेत, पर दुसऱ्या कुणाचे तरी लावल्यावानी." तिनं बोटं उघडली, मिटली, आणि ती मिटली का ते बघून घेतलं. "हितल्या डॉक्टरांनी नुसतं टाचणीनं टोचलं असतं न्हाई का आज, तर गाडीवर चढू दिलं नसतं."

"मग क्लच?"

"कानानं." ती माझ्याकडे वळली. "क्लच धरायला लागला की इंजिन जरा दबतंय. तेवढं ऐकू आलं की झालं. गॅरेजात रोज तेच करत होतो, रात्री गाव निजलं की. पर हितं शेजारी दुसरा असतोय ओ. त्याचं पण तेवढंच ओरडतंय. सकाळी दोनदा तसंच झालं. कुठला दबला, माझा का त्याचा, कळंचना."

मला कळलं. शास्त्र मला येत होतं. जवळजवळ सारख्या पट्टीचे दोन सूर एकत्र आले की एकमेकांना फुगवतात आणि गिळतात. त्या चढउतारात इंजिनाच्या दोनशे-तीनशे फेऱ्यांचा फरक कुणालाच ऐकू येणार नाही. मी ते दरवर्षी वर्गात दोन नादकाटे वाजवून दाखवत होते.

"आणि काटा? इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा बघून?"

"काटा मागनं येतोय. कान आधी सांगतंय." तिनं डोक्यावरचा रुमाल मागं सारला. "एकटी पळालो तवा समजलं. मग म्हटलं, पोराला जाऊ दे पुढं. तुम्हीच तर सांगितलं, घड्याळ उभं ऱ्हातंय म्हणून."

"शर्यत गेली."

"शर्यत व्हय? ती मागच्या साली जिंकलोय की. पुढच्या साली कोण तरी जिंकंलच." तिनं हनुवटीनं फळ्याकडे खूण केली. "ते बघा की."

रणजित जखमांना मलम लावत होता. त्याचे डोळे वाहत होते आणि तो ते दंडाला पुसत होता. ती त्याला म्हणाली, "रण्या, भाजलंय मला, रडतोयस तू," आणि मग मला विचारलं, "तुम्ही बंद का न्हाई केलं? निकमसाहेब ओरडत होते. ऐकू आलं मला."

"चाक हललं नव्हतं."

"एवढंच?"

चार वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं, ते तेव्हा सांगता आलं असतं. "एवढंच," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे जरा वेळ नीट पाहिलं. "बरं केलंसा," ती म्हणाली. "माया केली असती तर वेळ खोटी झाली असती."

गौरी-गणपतीच्या आधी, भर श्रावणात, मी तिला शेवटचं भेटले. कोल्हापुरातलं एक हॉस्पिटल, खिडकीबाहेर संततधार. रणजित खोलीबाहेर बाकावर बसला होता. "झोपलीय," तो म्हणाला, "पर जावा आत." तिला जाग येऊ नये म्हणून मी उजव्या हातानं डाव्या मनगटावरच्या बांगड्या घट्ट धरल्या आणि आवाज न करता खुर्चीवर बसले. ती फार लहान दिसत होती. उशाशी औषधांच्या बाटल्यांमागं आमच्या फळ्याचा फोटो टेकवलेला होता.

मी तिचा डावा हात हातात घेतला. फोडांचे डाग अजून होते. मी हात दाबला. तिच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. किती वेळ मी तशी बसले होते कोण जाणे. मग माझा उजवा हात अवघडला, मी तो सैल केला, आणि बांगड्या मनगटावर घसरून वाजल्या.

"घड्याळबाई?" ती डोळे मिटूनच म्हणाली.

"हो."

"कवा आलासा?"

"मघाशीच. तुमचा हात धरून बसले आहे."

"व्हय?" तिनं डोळे उघडले, प्रयासानं मान वळवली आणि चादरीवरच्या आमच्या हातांकडे पाहिलं. खात्री करून घेतली. "मग वाजवत ऱ्हावा की अधनंमधनं. मला कसं कळायचं?"

तिनं डोळे पुन्हा मिटले. मी तिचा हात धरून मनगट हलवत राहिले. ती मान किंचित कलती ठेवून ऐकत होती. रेषेवर असायची तशी, अगदी स्थिर.